कुकरला शिटी येईना

सप्टेंबरातला एक साधा मंगळवार. गणपती होऊन गेले होते. कुकर लावून अर्धा तास होत आला तरी शिटी येईना.

आई सोफ्यावर पाय वर घेऊन गवार मोडत बसली होती. ती पुण्याहून आली की आमच्या घरातल्या शिट्या मोजायचं काम आपोआप तिच्याकडे जातं. फोन चालू असो, मालिका चालू असो, तिचा एक कान कुकरकडे. "अगं, एकही झाली नाही अजून," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

माझा पहिला संशय कुकरवर. परदेशातल्या मराठी बाईला कुकरची रिंग ही काय चीज आहे ते सांगायला नको. दर भारतवारीत बॅगेच्या कोपऱ्यात दोन रिंगा, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, एक शिटी आणि मिक्सरचा कपलर हे ठरलेलं. लोणचं वजनापायी मागे राहील, रिंगा राहणार नाहीत. तर जपून ठेवलेली नवी रिंग काढली, बसवली, पुन्हा कुकर चढवला. वीस मिनिटं गेली. काही नाही. शिटीत डाळ अडकली असेल म्हणून शिटी धुतली, सुईने भोक साफ केलं. तरी काही नाही. शेवटी झाकण काढलं तर आतलं पाणी कोमट, आंघोळीलासुद्धा पुरलं नसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

"गॅस गेला वाटतं," आई म्हणाली.

आता खरं तर आमच्या घरात गॅस नाहीच. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावातलं हे घर २००४ साली बांधलेलं. स्वयंपाकघरात विजेची रेंज: वर चार कॉइली, त्यांच्याखाली ओव्हन, त्याच्याही खाली एक ड्रॉवर. घर घेतलं तेव्हा ती घराबरोबरच आली. तरी इतकी वर्षं आम्ही "गॅस बारीक कर", "गॅसवर दूध आहे", "गॅस बंद केलास का" असंच बोलतोय. इथे जन्मलेली माझी मुलगी, जिने गॅसची शेगडी फक्त आजीकडे सुट्टीत पाहिली, तीही कॉइलचं बटण फिरवून "गॅस बंद केला" म्हणते. गॅसची लाइन घरात नाही, जिभेवर मात्र आहे.

तर हा नसलेला गॅस गेला होता. नेमकं म्हणजे पुढची डावी मोठी कॉइल. आमच्या रेंजवर दोन मोठ्या आठ इंची आणि दोन लहान सहा इंची कॉइली आहेत. घरातला निम्मा स्वयंपाक त्या पुढच्या डाव्या कॉइलवरच होतो. बाकीच्या तिघी म्हणजे पंगतीत वाढायला आलेल्या पाहुण्या. ती अजिबातच तापत नव्हती असंही नाही. हलवली की तापायची, जरा वेळाने गार व्हायची. पूर्ण बिघडलेली वस्तू परवडते, अशी रुसून-फुगून चालणारी नाही.

या कॉइली नुसत्या खोचलेल्या असतात. थंड झाल्यावर पुढून जरा उचलायची आणि सरळ ओढायची, की तिचे दोन पाय सॉकेटमधून बाहेर येतात. मी मागची उजवी मोठी कॉइल काढून पुढे लावली. ती पुढे आली की तिलाही तोच रोग. पुढची मागे नेली तर ती तिथे कुरकुरत का होईना, तापायला लागली. म्हणजे दुखणं कॉइलपेक्षा जागेचं होतं. टॉर्च मारून सॉकेटमध्ये पाहिलं तर आत काजळी, एका बाजूचा चिनीमातीचा ठोकळा तडकलेला, आणि काढलेल्या कॉइलच्या पायाला काळे खड्डे पडलेले.

नवरा मीटिंगमधून बाहेर येऊन पाच मिनिटं उभा राहिला. "किती वर्षं झाली तिला? नवीच घेऊ या," म्हणाला आणि पुन्हा मीटिंगला गेला.

नवी घ्यायला माझी हरकत पैशांची नव्हती. म्हणजे पैशांचीही होती. साधी कॉइलची रेंज घ्यायची तरी सहा-सातशे डॉलर, आणि माणूस नुसता बघायला बोलावला तरी तो शंभराच्या आसपास घेऊन जातो. पण खरी हरकत होती पोळ्यांची. माझ्या एका मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी नवी कॉइलची रेंज घेतली. तिच्या प्रत्येक कॉइलच्या मधोमध एक बटणासारखं उचललेलं काहीतरी आहे, ते भांड्याच्या बुडाला टेकतं. बूड फार तापलं की ते कॉइल बंद करतं, थंड झालं की पुन्हा चालू करतं. २०१८ पासून अमेरिकेतल्या नव्या कॉइलच्या रेंजना हे लागतंच. यूएल ८५८ नावाचं सुरक्षेचं मानक आहे, त्यात तशी दुरुस्ती झाली. कारण योग्यच आहे. या देशात घरांना लागणाऱ्या आगींचं सगळ्यात मोठं कारण स्वयंपाक, आणि त्यातही तेल तापत ठेवून माणूस दुसरीकडे जाणं. तेल पेट घेण्याआधी कॉइल थांबावी हा हेतू. त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण हे मानक ठरवणाऱ्यांपैकी कोणी कधी वीस पोळ्या ओळीने लाटल्या नसाव्यात. मैत्रिणीचा बिडाचा तवा तिसऱ्या पोळीला गार पडतो. चौथी पोळी पापडासारखी वाळते, मग बटणाला उपरती होते, आणि पाचवी करपते. तिने आता पोळ्यांसाठी वेगळी इंडक्शनची शेगडी आणली आहे. रेंजवर ती मॅगी करते.

आमची जुनी रेंज २०१८ च्या आधीची. तिला कुठलं बटण नाही, ती आपल्या भरवशावर तापते आणि मला माझ्या भरवशावर सोडते. तेव्हा मी ठरवलं, सुटे भाग आणायचे.

"मग ने की दुकानात दाखवायला," आई म्हणाली. "हातात घेऊन जा, म्हणजे तो बरोब्बर तसलीच देईल."

आईचं म्हणणं कुठून येतंय ते मला लगेच कळलं. आमच्या लहानपणी पुण्याला रॉकेलचा स्टोव्ह, गॅस आणि विजेची शेगडी असं तिन्ही घरात होतं. सिलिंडर संपला आणि नंबर लागायला वेळ असला की विजेची शेगडी बाहेर यायची. पांढऱ्या मातीची तबकडी, तिच्यात गोल गोल खाच आणि खाचेत उघडी स्प्रिंगसारखी तार. तिच्यावर भांडं सरकवताना भांड्याचं बूड तारेला लागलं तर झिणझिण्या यायच्या, म्हणून आई लाकडी पाटावर उभी राहून दूध तापवायची. तार वारंवार तुटायची. बाबा तुटलेली दोन टोकं ओढून एकमेकांत अडकवायचे आणि शेगडी पुन्हा चालू. मग ती आधीपेक्षा जास्तच लाल व्हायची आणि आम्हाला वाटायचं, वा, बाबांनी सुधारली! कॉलेजात गेल्यावर कळलं की टोकं गुंतवल्याने तारेची लांबी कमी व्हायची, लांबी कमी म्हणजे रोध कमी, रोध कमी म्हणजे वीज जास्त, आणि म्हणूनच ती आठवडाभरात दुसरीकडे तुटायची. तीन-चार गाठी झाल्या की बाबा ती तार वर्तमानपत्रात गुंडाळून तपकीर गल्लीत न्यायचे.

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू. तपकिरीचा वाससुद्धा नाही, दोन्ही बाजूंनी नुसती विजेच्या सामानाची दुकानं. दुकानदार पुडी उघडायचा, तार दोन बोटांत धरायचा आणि विचारायचा, "हजार की दोन हजार?" म्हणजे वॅट. बाबा सांगायचे. तो मागे न बघता हात लांब करून खोक्यातून नवी तार काढायचा. नंबर नाही, पावती नाही, कंपनीचं नाव नाही. हातातला नमुना आणि दुकानदाराचा डोळा, एवढ्यावर सगळा व्यवहार.

"आई, इथे तसं नसतं गं. इथे आधी नंबर लागतो."

"कसला नंबर? रेशनसारखा?"

मॉडेल नंबर. तो प्रत्येक रेंजवर कुठेतरी चिकटवलेला असतो, आणि तो कुठे असतो हे घरातल्या कोणालाच माहीत नसतं. ओव्हनचं दार उघडून चौकटीच्या कडेने पाहावं, नाहीतर खालचा ड्रॉवर बाहेर ओढून आतल्या चौकटीवर पाहावं. आमच्या ड्रॉवरमध्ये आप्पेपात्र, दोन तवे, बिडाची कढई, केकचे डबे, मोदकपात्राची जाळी आणि एक पाटा-वरवंट्यातला नुसता वरवंटा निघाला. तो इथे कसा आला हे मला आजही सांगता येणार नाही. ते सगळं फरशीवर मांडलं, ड्रॉवर उपसला आणि मी पोटावर आडवी झाले. आई फोनची बॅटरी लावून शेजारी स्टुलावर.

लेबल होतं. त्याच्यावर वीस वर्षांच्या फोडण्यांची पिवळी साय. कोमट पाण्याचं फडकं आणि भांड्यांचा साबण, हळूहळू. अल्कोहोलने पुसलं तर अक्षरंच जातील अशी भीती वाटत होती. मॉडेल नंबर, सिरियल नंबर, व्होल्ट, किलोवॅट, सगळं बारीक टाइपात. अकरा अक्षरं-आकडे, त्यातलं एक इंग्रजी ओ की शून्य, आणि एक बी की आठ. मी वाचायचे, आई वहीत देवनागरीत लिहायची. तिने लिहून घेतलेला तो नंबर मोदकाच्या पिठाच्या प्रमाणाखाली अजून आहे.

"हे २४० काय?" आईने विचारलं. "अमेरिकेत तर ११० ना?"

तिचंही बरोबर. भिंतीतल्या साध्या पॉइंटला इथे १२० व्होल्टच येतात. पण घरात येणाऱ्या तारा दोन असतात, प्रत्येकी १२० च्या, एकमेकींच्या उलट चालीने. रेंजसारख्या अघोरी भुकेच्या यंत्राला त्या दोन्ही मिळून २४० देतात. दिवा आणि घड्याळ मात्र एकाच तारेवर भागवतात. म्हणून कधीकधी गंमत होते: एक तार गेली तर घड्याळ व्यवस्थित वेळ दाखवतं, दिवा लागतो, आणि ओव्हन तेवढा थंडगार. माणूस ओव्हनला शिव्या देत बसतो आणि दोष असतो ब्रेकरमध्ये, म्हणजे फ्यूजच्या जागी असलेल्या खटक्यात. मला हे अर्थात त्याच आठवड्यात कळलं. त्याआधी माझी समजूत आईइतकीच होती.

नंबर हातात आला की पुढचं दालन उघडतं. सुटे भाग विकणाऱ्या वेबसाइटवर मॉडेलचा नंबर टाकला की त्या रेंजचे नकाशे येतात. वरची बाजू, ओव्हनची पोकळी, दार, मागचं पॅनेल. प्रत्येक नकाशात सगळे भाग सुटे करून हवेत मांडलेले, रुखवत मांडल्यासारखे. ही चार बटणं, ही चार कॉइलींखालची वाटोळी ताटं, हा दाराचा स्प्रिंग, हे सतरा नंबरचे स्क्रू. आईला हे फार आवडलं. रोज ज्याच्यावर दूध उतू जातं ते आतून असं दिसतं होय! ती बराच वेळ एकेका भागावर बोट ठेवून "हे काय, हे काय" विचारत होती आणि मला अर्ध्यांची नावं माहीत नव्हती.

आणि मग नावांचा घोळ सुरू झाला. नकाशातल्या सॉकेटच्या आकड्यावर टिचकी मारली तर उत्तर आलं: हा भाग आता मिळत नाही, याच्या जागी अमुक नंबर वापरा. त्या अमुक नंबरवर गेलं तर त्याच्याही जागी तमुक. कंपन्या एकमेकींना विकत घेतात, गोदामं एक होतात, एकच भाग पाच मॉडेलांना चालतो असं कोणाच्या तरी लक्षात येतं, आणि जुन्या नंबराचं नव्यात विसर्जन होतं. वस्तू तीच, पण तिला चार नावं. जुन्या नावाने शोधलं तर ती संपली आहे, नव्या नावाने शोधलं तर रग्गड पडली आहे.

"म्हणजे माझ्यासारखंच," आई म्हणाली.

आईचं माहेरचं नाव एक आणि सासरचं दुसरं. आडनाव तर बदललंच, पण तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नावही लिहिलं गेलं. शाळेचा दाखला एका नावाचा, रेशनकार्ड दुसऱ्या, बँकेचं एक पासबुक तिसऱ्याच मिश्रणाचं. पासपोर्ट काढताना या तीन बायका एकच आहेत हे सिद्ध करायला तिला गॅझेटमध्ये जाहिरात द्यावी लागली होती आणि चार महिने हेलपाटे. ती हे सांगताना हसत होती. "माझाही जुना नंबर मिळत नाही आता. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला मी सापडले नाही ती त्याच्यामुळेच." मग ती पुन्हा गवारीकडे वळली, आणि मी थोडा वेळ त्या पडद्याकडे बघत बसले.

या नंबरांमध्येही गोत्र असतं, हे त्यातल्या त्यात मनोरंजक. केनमोर हा अमेरिकेतला जुना, घराघरातला ब्रँड. सीअर्स या दुकानाचा तो स्वतःचा छाप, पण सीअर्सने ही यंत्रं स्वतः बनवली नाहीत. ती वेगवेगळ्या कारखान्यांतून बनवून घेतली. कारखाना कोणता हे मॉडेल नंबराच्या पहिल्या तीन आकड्यांत दडलेलं असतं. टिंबाच्या आधी ७९० असेल तर मूळ फ्रिजिडेअरच्या घराण्याचं, ६६५ असेल तर व्हर्लपूलचं, ३६२ असेल तर जनरल इलेक्ट्रिकचं. सीअर्सने २०१८ च्या ऑक्टोबरात दिवाळखोरीचा अर्ज केला, पण ज्यांच्या घरी केनमोर आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही, मूळ घराण्यातले भाऊबंद सुटे भाग पुरवतात. आमची रेंज कोणाची ते मी सांगत नाही, वीस वर्षं राबल्यावर एक सॉकेट जळालं याचा दोष कोणाला द्यायचा?

कॅलिफोर्नियात २०२४ च्या जुलैपासून एक कायदा आहे, की शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त घाऊक किमतीच्या यंत्राचं उत्पादन थांबल्यावरही सात वर्षं कंपनीने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती द्यायला हवी. मिनेसोटातही त्याच सुमाराला दुरुस्तीच्या हक्काचा कायदा लागू झाला. तो कॅलिफोर्नियाचा कायदा २०२१ च्या जुलैपासून बनलेल्या वस्तूंचा. आमची रेंज त्यापेक्षा फार म्हातारी, आणि आम्ही कॅलिफोर्नियातही नाही. तिला जे मिळेल ते बाजाराच्या मर्जीनेच.

माझ्याकडून चूक झाली ती स्वस्ताईपायी. मूळ कंपनीची कॉइल तीसेक डॉलरला होती. शेजारीच "सगळ्यांना चालते" अशी एक तेराला होती, सॉकेट आणि वर दोन ताटं फुकट. मी देशस्थ असूनही हिशेबात कोकणस्थी बाणा दाखवला आणि तेरावाली मागवली. तीन दिवसांनी आली. फुकटचं सॉकेट बाजूला ठेवून कॉइल जुन्याच सॉकेटमध्ये खोचली. बसली. तापलीही. आई खूश, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी धिरडं घातलं तर ते तव्यावरून हळूच दक्षिणेकडे निघालं. पीठ सगळं एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जाळी. कॉइल तिरकी बसत होती. तिचे पाय मूळच्यापेक्षा केसभर वेगळ्या वळणाचे होते, त्यामुळे खालची तिपाई एका बाजूने अधांतरी. पाय सॉकेटमध्ये सैलही होते, हलवलं की ठिणगीचा बारीक चर्र आवाज.

आणि सैल असणं हेच तर मूळ दुखणं. आठ इंची कॉइल २१०० वॅटची, २४० व्होल्टवर तिच्यातून पावणेनऊ अँपिअर वाहतात. सॉकेटमध्ये पाय घट्ट धरला असेल तर काही होत नाही. पकड जरा ढिली झाली की त्या ठिकाणी रोध वाढतो, तिथेच उष्णता होते, उष्णतेने पितळी चिमट्याचा ताण जातो, पकड आणखी ढिली होते, काजळी धरते, रोध आणखी वाढतो. म्हणून जळालेल्या सॉकेटमध्ये नवी कॉइल घालू नये आणि जळक्या पायांची कॉइल नव्या सॉकेटमध्ये घालू नये. दोघं एकदमच बदलायची. सासू-सुनेचं असतं तसं, एकीला बदलून उपयोग नाही, असं आई म्हणाली. तिच्या सासूबद्दल की माझ्याबद्दल ते मी विचारलं नाही.

गंमत म्हणजे काढलेली जुनी कॉइल आतून ठणठणीत होती. रोध मोजायचा मल्टिमीटर लावला. २४० चा वर्ग ५७,६०० भागिले २१००, म्हणजे साडेसत्तावीस ओहमच्या आसपास यायला हवे. तितकेच आले. वीस वर्षं रोज लाल होऊन ही तार जशीच्या तशी. याचं श्रेय अल्बर्ट मार्श या माणसाला. त्याने निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू काढला आणि १९०६ साली पेटंट मिळवलं. त्याआधी हवेत लाल होऊनही टिकेल अशी परवडणारी तारच नव्हती. साधी लोखंडाची तार तापली की गंजून तुटते. या मिश्रधातूवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. बाबांच्या शेगडीतली तारही याच घराण्यातली, फक्त ती उघडी असायची. इथे ती एका धातूच्या नळीत, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. म्हणून भांडं कॉइलवर थेट टेकलं तरी झिणझिण्या येत नाहीत आणि लाकडी पाट लागत नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही बनवलं असलं?" तेव्हाही बनत होतं, आमच्याकडे नव्हतं, एवढंच.

तेरा डॉलरवाली परत पाठवली. वापरलेली म्हणून पैसे निम्मेच आले. मग गपगुमान मूळ कंपनीची कॉइल आणि मूळ कंपनीचं सॉकेट, नव्यात नव्या नंबराने. पाच दिवस आम्ही तीन कॉइलींवर काढले. तेवढ्यात आई लहान कॉइलवर पिठलं करायला शिकली.

सॉकेट बदलायचा दिवस शनिवार. आधी ब्रेकर बंद, दोन खांबी, ४० अँपिअरचा. नुसतं बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असं धरू नये, त्यात माझा हिशेब अगदी सनातनी आहे: ब्रेकर पाडायचा, मग प्रत्येक कॉइलचं बटण फिरवून बघायचं, मग मीटर लावायचा. नंतर रेंजची वरची पाटी उचलली. ती मोटारीच्या बॉनेटसारखी पुढून वर उचलली जाते आणि एका काडीवर टेकते. मला हे वीस वर्षांत माहीत नव्हतं.

खाली आमचा सगळा संसार होता. जळून काळे मणी झालेली मोहरी, असंख्य. साबुदाण्याचे दाणे. एक कढीपत्त्याचं पान, वाळून नकाशासारखं. शेंगदाण्याची सालं. एक पाच सेंटचं नाणं. मुलीच्या लहानपणची गुलाबी केसाची पिन, अर्धी वितळलेली, म्हणजे निदान पंधरा वर्षं जुनी. ती पिन कोणाची म्हणून तेव्हा घरात केवढा गदारोळ झाला होता ते मला आठवलं; मुलीने शेजारच्या मैत्रिणीवर आळ घेतला होता. मी फोटो काढून तिला पाठवला. तिचं उत्तर आलं, "सांग ना तिला, सॉरी."

सॉकेट एका स्क्रूने धरलेलं आणि दोन तारांनी जोडलेलं. आधी फोटो, मग तारा सोडवल्या. टोकं काळी पडली होती ती बोटभर छाटून ताजं तांबं काढलं. जोडणीला चिनीमातीच्या टोप्या आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या इथे वितळतात. आई शेजारी उभी राहून "देवाचं नाव घे" म्हणत होती आणि मी स्क्रू कुठे पडला ते शोधत होते. सगळं मिळून चाळीस मिनिटं, त्यातली वीस मोहरी पुसण्यात.

पडलेला जुना ठोकळा मी कचऱ्यात टाकायला निघाले तर आईने हातातून घेतला. तो तिने वर्तमानपत्रात गुंडाळला. मराठी वर्तमानपत्र तिने येताना चपलांभोवती आणलं होतं, तेच. "असू दे. पुन्हा लागला तर नमुना हवा ना." पुडी ड्रॉवरमध्ये गेली, वरवंट्याशेजारी, लेबलच्या अगदी खाली. मी काही बोलले नाही. नंबर मी नंतर ड्रॉवरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिला, तारखेसकट.

एक गोष्ट राहिली, या बटणांची. मंद आच म्हणजे काय, याबद्दल माझी इतकी वर्षं गैरसमजूत होती. गॅसची ज्योत खरोखर लहान होते. कॉइलचं बटण मंदावर आणलं तर कॉइल कमी वीज घेत नाही. घेते तेव्हा पूर्णच घेते, आणि मग थांबते. बटणाच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते आणि जोड तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. मंद म्हणजे थोडा वेळ चालू आणि बराच वेळ बंद, मध्यम म्हणजे निम्मंनिम्मं. बासुंदी आटवताना मी ज्याला मंद आच म्हणत होते ती प्रखर आच आणि विश्रांती यांची सरासरी होती. आईला पटलं नाही. "मंद ते मंद," ती म्हणाली. बासुंदी तिने केली तर लागत नाही, मी केली तर लागते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

ब्रेकर वर केला. पुढची डावी कॉइल लावली, पहिल्यांदा जरा धूर आला, नव्या कॉइलवरचं तेल जळतं तेवढाच. धूर ओळखणारी छतावरची बाई, म्हणजे धुराचा अलार्म, मात्र किंचाळलीच. तिला फोडणी आणि आग यांतला फरक या घरात अजून कळलेला नाही. तिला पंख्याने वारा घालून गप्प केलं. तव्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहिले, ते चारी बाजूंना सारखे पळाले, दक्षिणेला नाही.

कुकर लावला. आई गवार घेऊन सोफ्यावर. दहाव्या मिनिटाला पहिली, मग दुसरी, मग तिसरी.

"अगं, झाल्या तीन. गॅस बारीक कर!"

मी बटण मंदावर आणलं. कॉइल थोडा वेळ तशीच लालबुंद राहिली, मग बटणात टक्क वाजलं आणि ती काळी पडायला लागली.